लहान मुलांसाठी बास्केटबॉलची रिंग किती उंचीवर असावी, आणि पोल कसा बांधावा?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बार्शीजवळची शाळा, पहिली ते दहावीची मुलं, सिमेंटचं एकच कोर्ट आणि दोन्ही टोकांना ३.०५ मीटरवर पक्क्या बसवलेल्या रिंगा. पाचवीपर्यंतच्या मुलांचा बॉल वर पोचत नाही, दोन-चार वेळा फेकून झालं की पोरं सावलीत जाऊन बसतात. माजी विद्यार्थ्यांनी थोडे पैसे जमवले आहेत. त्यातून उंची कमी-जास्त होणारे पोल विकत घ्यावेत की गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यावेत, कुठल्या वयाला किती उंची ठेवावी, आणि बोर्ड कशाचा करावा?

मी कोल्हापुरात शिरोलीच्या एमआयडीसीत २२ वर्षं मैदानी खेळांचं साहित्य बनवतो. त्याआधी कॉलेजच्या टीमकडून खेळलो. पोल बनवणं, बसवणं आणि दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करणं हे रोजचं काम आहे, त्यामुळे त्या अनुभवावरूनच सांगतो.

ज्यांचा बॉल पोचत नाही त्यांच्यापेक्षा मला काळजी वाटते ती कसाबसा पोचवणाऱ्या मुलांची. माझी भाची तिसरीत होती तेव्हाचं सांगतो. ती दोन्ही हातांनी बॉल उजव्या कमरेपाशी न्यायची, गुडघ्यात वाकायची आणि अख्खं अंग डावीकडे पिळून बॉल भिरकावायची. मान मागे, नजर आभाळाकडे. दहात एखादा जायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे, म्हणजे टाळ्या पडायच्या त्या नेमक्या चुकीच्या सवयीला. एका रविवारी वर्कशॉपमधल्या चाचणीच्या पोलवर मी रिंग ८ फुटांवर उतरवली आणि तिच्या हातात लहान बॉल दिला. शिकवलं काहीच नाही. पंधरा-वीस मिनिटांत तिचं कोपर आपसूक बॉलखाली आलं, बॉल कपाळासमोरून सुटायला लागला आणि डोळे रिंगवर राहिले. तेव्हापासून कुणी उंची विचारली की मी मुलाच्या कोपराकडे बघतो.

रिंग खाली आणली की खेळ पातळ होतो असं काही पालक आणि कधी कधी कोचही म्हणतात. त्यांना १० फुटांचा, म्हणजे ३.०५ मीटरचा, उगम सांगा. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नाइस्मिथ यांनी पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता, म्हणून रिंग १० फुटांवर. खेळणारे सगळे मोठे पुरुष होते. बोर्डसुद्धा गॅलरीमुळेच आला, कारण वर उभे असलेले प्रेक्षक हात घालून बॉल अडवायला लागले आणि टोपलीमागे आडोसा लावावा लागला. त्या उंचीत आठ वर्षांच्या मुलाचा विचार कुठेच नव्हता. तो १९५० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये जे आर्चर यांनी केला, कमी उंचीची रिंग आणि लहान बॉल घेऊन. आजचं मिनी बास्केटबॉल त्याच वाटेने आलं. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात रिंग २.६० मीटरवर, बोर्ड १.२० मीटर रुंद आणि ०.९० मीटर उंच, आणि बॉल ५ नंबरचा असतो.

आता थोडं गणित, कारण आकडे समोर ठेवले की मुख्याध्यापकांना पटवणं सोपं जातं. सव्वा मीटर उंचीचं मूल बॉल साधारण १.४० मीटरवरून सोडतं. ते रिंगपासून ४ मीटरवर उभं आहे असं धरू. रिंग ३.०५ वर असेल तर बॉलला १.६५ मीटर वर चढायचं आहे. मुलाकडे जादा ताकद नसते, त्यामुळे कमीत कमी जोरात पोचणारी फेक हीच त्याची फेक. अशा फेकीत बॉल रिंगवर सुमारे ३४ अंशांनी उतरतो. पण मोठ्यांचा ७ नंबरचा बॉल असतो २४ सेंटिमीटर व्यासाचा आणि रिंग ४५ सेंटिमीटरची. ३२-३३ अंशांपेक्षा सपाट आलेला बॉल कड्याला न लागता आत जाऊच शकत नाही. म्हणजे मुलाने सगळं बरोबर केलं तरी हातात जेमतेम एका अंशाची सूट राहते. तेच मूल, तीच जागा, पण रिंग २.६० वर आणि बॉल ५ नंबरचा घ्या. बॉल ३६-३७ अंशांनी उतरतो, आणि बॉल लहान असल्यामुळे मर्यादा ३० अंशांपर्यंत खाली जाते. सूट झाली सहा-सात अंशांची. एवढ्या जागेत मूल चुकूही शकतं आणि शिकूही शकतं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. ७ नंबरचा बॉल ६०० ग्रॅमच्या आसपास असतो, ५ नंबरचा ४७० ते ५०० ग्रॅम. रिंग आणि बॉल दोन्ही बदलले तर फेकायला लागणारी ऊर्जा एक चतुर्थांशाहून जास्त कमी होते. त्यात रिंगच्या उंचीचा वाटा साधारण १० टक्के आहे आणि बॉलच्या वजनाचा १९ टक्के. म्हणून पोलचं दरपत्रक मागवायच्या आधी ५ नंबरचे डझनभर बॉल आणा. पहिली-दुसरीसाठी ३ नंबरचे आणा, ते ३०० ग्रॅमच्या आसपास असतात. पैसे कमी पडले तर पोल पुढच्या वर्षावर ढकला, बॉल ढकलू नका.

वयाप्रमाणे उंची विचाराल तर माझा शिरस्ता असा आहे. पहिली-दुसरीला ७ फूट, फार तर साडेसात. तिसरीला ८ फूट. चौथी ते सहावी २.६० मीटर, म्हणजे साधारण साडेआठ फूट. सातवीपासून ३.०५. अमेरिकेत मुलांसाठी सुचवलेल्या उंचीही याच्या जवळपास आहेत: ७-८ वर्षांना ८ फूट, ९ ते ११ ला ९ फूट आणि १२ नंतर १० फूट. पण इयत्ता हा ढोबळ निकष झाला. एकाच पाचवीत एक मुलगा दीड मीटरचा असतो आणि शेजारचा सव्वा मीटरचा, आणि वर्षभर रोज खेळलेली बुटकी मुलगी नव्याने आलेल्या उंच मुलापेक्षा वरच्या रिंगवर चांगली मारते. म्हणून मी एक साधी चाचणी घ्यायला सांगतो. मुलाला रिंगपासून ३ मीटरवर उभं करून दहा फेका मारू द्या. तुम्ही बॉलकडे बघू नका, बाजूने कोपर आणि पाय बघा. कोपर बॉलखाली राहिलं, पाय रेषेच्या पुढे घसरले नाहीत आणि चार-पाच फेका रिंगला किंवा बोर्डच्या चौकोनाला लागल्या, तर उंची बरोबर आहे. अंग पिळायला लागलं की रिंग खाली घ्या. स्पर्धेला जाणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी, त्यांना तिथे ३.०५ चीच रिंग मिळणार. त्यांचा सराव निदान सहा महिने आधी मोठ्या रिंगवर सुरू करा, पण जवळून, आणि अंतर हळूहळू वाढवत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, उंची कमी-जास्त होणारे पोल घ्यावेत का. तुमच्या शाळेसाठी माझं उत्तर नाही असं आहे. ४० मुलांचा वर्ग आणि दोन रिंगा, म्हणजे एका रिंगमागे २० जणांची रांग. रिंग खाली आणली तरी रांग तेवढीच राहते. शिवाय तासाला तासाला उंची बदलायला कुणी तरी लागतं, आणि प्रत्यक्षात काय होतं ते मी बऱ्याच शाळांत पाहिलंय: पहिल्या महिन्यात उत्साह, मग हँडल हरवतं, मग स्क्रू गंजतो आणि रिंग कुठल्या तरी मधल्याच उंचीवर कायमची अडकते. ती ना लहानांच्या कामाची, ना मोठ्यांच्या.

तुमच्या मोठ्या रिंगा आहेत तिथेच राहू द्या. कोर्टाच्या लांब बाजूंना, रेषेबाहेर निदान २ मीटर जागा सोडून, कमी उंचीचे पक्के पोल लावा. दोन ८ फुटांचे, दोन २.६० चे, समान उंचीचे समोरासमोर. कोर्ट १५ मीटर रुंद असतं, त्यामुळे आडवं खेळलं की लहानांसाठी दोन छोटी कोर्टं आपोआप तयार होतात आणि चार रिंगांवर रांग दहाची होते. पहिली-दुसरीसाठी ८ फुटांच्या एका पोलवर बोर्ड एक फूट खाली घेता येईल अशी भोकांची दुसरी जोडी करून ठेवा. जूनमध्ये एकदा पान्याने बसवायचं आणि वर्षभर हात लावायचा नाही. बोर्ड तेवढा खाली आला की त्याची खालची कड उडी मारणाऱ्या मोठ्या मुलाच्या डोक्याच्या पातळीत येते. तिथे जाड रबर किंवा फोमची पट्टी लावल्याशिवाय मुलांना सोडू नका. आणि कंपाउंडच्या भिंतीला रिंग ठोकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती भिंत असल्या ओढीसाठी बांधलेली नसते.

तरीही उंची बदलणारा एखादा पोल घ्यायचाच असेल, तर समांतर भुजांचा घ्या. वरखाली दोन जोड्या भुजा असतात, त्यामुळे बोर्ड खाली-वर होताना उभाच राहतो. पण तो कमानीत फिरतो, आणि फॅब्रिकेटर नेमकं हे विसरतात. भुजा १.२ मीटरच्या असतील आणि वरच्या उंचीला त्या आडव्या ठेवल्या, तर रिंग ४५ सेंटिमीटर खाली येईपर्यंत बोर्ड जवळजवळ ९ सेंटिमीटर मागे जातो आणि फ्री थ्रोचं (फाउल झाल्यावर ठरलेल्या रेषेवरून मारायच्या फेकीचं) अंतर बदलतं. मधल्या उंचीला भुजा आडव्या ठेवल्या तर हाच फरक २ सेंटिमीटरवर येतो. खर्च एक पैसाही वाढत नाही, फक्त वेल्डिंगच्या आधी विचार करावा लागतो.

यापुढचं कृपया दोनदा वाचा, कारण बहुतेक जण इथे चुकतात आणि सुरुवातीला मीही चुकलो होतो. लहान मुलांचा पोल म्हणून तो हलका केला तरी चालेल असं वाटतं. एका शाळेला मी ८ फुटांची रिंग तीन इंची पाइपवर करून दिली होती. तीन महिन्यांत फोन आला. जाऊन बघतो तर रिंगची पुढची कड चार बोटं खाली आलेली आणि पाइप जमिनीपाशी कोर्टाकडे झुकलेला. पहिली-दुसरीच्या मुलांनी त्याला काहीच केलं नव्हतं. मधल्या सुट्टीत दहावीची मुलं येऊन त्यावर डंक मारत होती, म्हणजे उडी मारून बॉल हातानेच वरून रिंगमध्ये कोंबत होती, आणि दोघं-दोघं लटकत होती. साहजिक आहे, ३.०५ वर ज्याचा हात पोचत नाही त्याला ८ फुटांवर डंक मारता येतो. सगळ्यात जास्त लटकणं सगळ्यात खालच्या रिंगवर होतं. त्यामुळे खालचा पोल मोठ्या मुलाचं वजन धरूनच बांधायचा.

ही नुसती दुरुस्तीच्या खर्चाची बाब नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात रोहतक जिल्ह्यात सराव करताना रिंगला लटकलेल्या १६ वर्षांच्या खेळाडूवर पोल कोसळला आणि तो गेला. ती बातमी वाचल्यावर मी आम्ही बसवलेले जुने पोल पुन्हा तपासायला माणसं पाठवली. तुमचे दोन जुने पोलही आजच बघा. पाइप जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे पाणी साचतं आणि गंज तिथूनच खातो. रंग खरवडा आणि हातोडीने ठोकत पाइपभोवती फिरा. वर टणक आवाज आणि खाली बसका आवाज आला, किंवा पत्र्याचे पापुद्रे सुटले, तर त्या दिवसापासून ती रिंग बंद.

नव्या पोलसाठी मी भार असा धरतो. लटकणाऱ्याचं वजन ८० किलो आणि उडी मारून धरल्यामुळे दुप्पट, म्हणजे १६० किलो. खांबापासून रिंगच्या मध्यापर्यंत १.६ मीटर. खांबाच्या मुळाशी वाकवणारा जोर सुमारे २५० किलोग्रॅम-मीटर (वजन गुणिले अंतर) येतो, त्यात बोर्ड आणि भुजांचं वजन वेगळं. चार इंची पाइप एवढ्याने मोडत नाही, पण झुलतो, आणि झुलणारा बोर्ड बॉल परत टाकताना मेल्यासारखा वागतो. तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा सहा इंची पाइप तिपटीहून जास्त ताठ असतो. मी लहानांच्या पोललाही सहा इंची घेतो, साडेचार-पाच मिलिमीटर जाडीचा. खांबाभोवती माणसाच्या उंचीपर्यंत फोमचं गादीचं आवरण हवं, कारण ले-अप मारून, म्हणजे धावत येऊन रिंगखालून बॉल टाकून, येणारं मूल थांबत नाही, खांबच त्याला थांबवतो.

फुटिंगबद्दल, म्हणजे पोलच्या पायाबद्दल, बार्शीच्या मातीत विशेष जपा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, आणि अशा मातीत अर्ध्या मीटरवर थांबलेला खड्डा दोन वर्षांत पोल तिरका करतो. मुरूम लागेपर्यंत खणा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल काँक्रीट म्हणजे जवळजवळ २,९०० किलो वजन, ते पुरतं. पाइप थेट काँक्रीटमध्ये पुरण्यापेक्षा बेस प्लेट आणि अँकर बोल्ट करा आणि प्लेट जमिनीच्या थोडी वर ठेवा. गंज दिसतो आणि बोल्ट आवळता येतात. चाकांचा हलवता पोल शाळेसाठी मी सुचवत नाही. त्याचा तोल मागच्या वजनावर असतो, आणि त्यातलं वजन कुणी कमी केलं तर बाहेरून कळत नाही.

बोर्डचं थोडक्यात. मोठ्या बोर्डला, १.८० बाय १.०५ मीटरच्या, १२ मिलिमीटरची टफन्ड काच लावली तर नुसती काचच ५५ किलोंच्या पुढे जाते. उघड्यावरच्या शाळेत ती नको. ॲक्रिलिक निम्म्या वजनाचं असतं आणि दिसतं छान, पण तुमच्याकडचा उन्हाळा त्याला सोसत नाही असं लोक म्हणतात ते चुकीच्या फिटिंगमुळे. ३० अंशांच्या फरकात १.८० मीटरची शीट जवळजवळ ४ मिलिमीटर वाढते. बोल्टची भोकं घट्ट असतील तर ती भोकापासून तडकते. भोक मोठं ठेवून रबरी वॉशर लावला तर टिकते. लहानांच्या १.२० बाय ०.९० च्या बोर्डला मात्र १९ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय उत्तम, वजन १४-१५ किलो. चारही कडांना आणि भोकांच्या आतही रंग भरा, कारण पाणी कडेतूनच शिरतं. मागे लोखंडी चौकट द्या, १२ मिलिमीटरचा प्लाय वापरू नका, बॉल त्यावर थाडकन बसतो आणि खाली पडतो. चौकोन न विसरता रंगवा, ५९ बाय ४५ सेंटिमीटर, खालची रेघ रिंगच्या पातळीत. लहान मूल रिंगवर नेम धरण्याआधी त्या चौकोनावर नेम धरायला शिकतं.

रिंग कुठल्याही उंचीला ४५ सेंटिमीटरचीच ठेवा. सळई १८ ते २० मिलिमीटरची, गुळगुळीत. बांधकामाची पीळदार सळई नको, बोटं सोलतात. रिंग बोर्डला न कसता मागच्या लोखंडी चौकटीला कसा, म्हणजे लटकणाऱ्याचा भार बोर्डवर जात नाही. रिंगखाली दोन्ही बाजूंनी टेकूच्या पट्ट्या द्या आणि जाळीचे १२ हुक असे वळवा की बोट अडकेल अशी फट राहणार नाही. जाळी नक्की लावा. बॉल आत गेला की बाहेर हे लहान मुलाला जाळीच सांगते.

काम झाल्यावर बिल देण्याआधी एक चाचणी तुमच्यासमोर करून घ्या. काँक्रीटला २१ दिवस पाणी मारून झालेलं असावं. खांबाशेजारी, पण खांबाला न टेकता, ओळंबा लावून खांबाच्या वरच्या टोकाची जागा जमिनीवर खडूने टिपा. मग रिंग चौकटीला जिथे जोडली आहे तिथे, अगदी मुळाशी, जाड दोराने सिमेंटची ५० किलोंची चार पोती टांगा. रिंगच्या पुढच्या टोकाला वेगळं एकच पोतं टांगून बघा. खाली कुणाला उभं राहू देऊ नका. अर्धा तास थांबा, पोती उतरवा आणि ओळंबा पुन्हा बघा. खडूच्या खुणेवर परत आला तर मुलांना बोलवा. बोटभर जरी पुढे राहिला, तर फॅब्रिकेटरला त्याच दिवशी परत बोलवा, आणि तोवर रिंगला पोतं गुंडाळून ठेवा.